खिन्नतेची मोजदाद

इ. स. १६३० ते १६३२ या काळात शाहजहान बादशहाचा मुक्काम आपल्या बुऱ्हाणपुरात होता. दक्षिणेची मोहीम येथून चालविली जात होती. १६३१ च्या जून महिन्यात चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल येथे वारली. तिचा देह प्रथम तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत ठेवला गेला व वर्षअखेरीस आग्र्यास नेला गेला, हे आपल्या गावातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. बादशहा आठवडाभर झरोक्यात आला नाही, थोड्याच दिवसांत त्याची दाढी पांढरी झाली, असे दरबारी इतिहासकारांनी नोंदवून ठेवले आहे. त्या शोकाचे पुढे काय झाले, हे सांगावयास नको.

त्याच दोन वर्षांत गुजरात व दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता आणि खानदेशही त्यातून सुटला नव्हता. अब्दुल हमीद लाहोरीच्या 'पादशाहनाम्या'त त्याचे वर्णन आहे. बुऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडले गेले. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांना वाटण्यात आले व वीस सोमवारांत ही रक्कम एक लाखावर गेली, असा हिशेबही त्यात आहे. रुपयांची मोजदाद झाली ती अशी. परंतु ज्या बाईची दोन लेकरे वाटेत गेली आणि जी लंगराच्या रांगेत उभी राहून जगली, तिला पुढे झोप लागली की नाही, तिला पुन्हा कधी चव आली की नाही, याची नोंद कोणी केली नाही. लाहोरीला दोष देण्याचे कारण नाही. ज्याचा हिशेब वरून मागितला जातो तेच कारकून लिहितो, हे शासकीय सेवेत आयुष्य काढलेल्या माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. राजाचे दुःख हा इतिहास आणि रयतेचे दुःख ही परिस्थिती, अशी वाटणी फार जुनी आहे.

ही वाटणी मोडण्याचा पहिला गंभीर प्रयत्न आपल्याकडे अगदी अलीकडचा आहे. सामान्य माणसाची खिन्नता ही मोजण्याजोगी गोष्ट आहे, तालुक्यात विहिरी किती तसे तालुक्यात खिन्न माणसे किती हा प्रश्न विचारता येतो, ही कल्पनाच अनेकांना अजून विचित्र वाटते. ही मोजदाद करावी काय, आणि केल्यावर तिच्यातून आपल्यावर काही कर्तव्य येऊन पडते काय, एवढाच प्रश्न मी येथे घेतो.

आधी शब्दाविषयी. डॉक्टर मंडळी ज्याला डिप्रेशन म्हणतात त्याला हिंदीत अवसाद म्हणतात आणि मराठी वर्तमानपत्रे नैराश्य म्हणतात. नैराश्य हा शब्द मला अपुरा वाटतो. आशा सुटणे हे त्या अवस्थेचे एक लक्षण झाले, सारी अवस्था नव्हे. गोडीच न उरणे, पहाटे तीनला जाग येऊन छताकडे पाहत राहणे, अंगात शिसे भरल्यासारखे वाटणे, आपण घरावर ओझे झालो आहोत असा विचार घोळत राहणे, हे सारे त्यात येते आणि ते दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे टिकते. म्हणून मी खिन्नता हा जुना शब्द वापरतो. आपल्या वैद्यकाला ही गोष्ट अपरिचित नव्हती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात वाताच्या ऐंशी विकारांत विषादाची गणना आहे. आणि त्याच ग्रंथात कोणत्या बाबतीत कोणती गोष्ट अग्रगण्य हे सांगणारी जी यादी आहे, तिच्यात रोग वाढविणाऱ्या गोष्टींत विषादाला पहिले स्थान दिले आहे. मनाच्या दुखण्याला शरीराच्या दुखण्यांच्या रांगेत बसविण्यात त्या ग्रंथकाराला काही कमीपणा वाटला नव्हता. तो पुढे आपल्याला वाटू लागला.

आता आकडे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. आपले मध्यप्रदेश त्या बारांत होते, महाराष्ट्र नव्हता. अठरा वर्षांवरील सुमारे ३५ हजार स्त्रीपुरुषांच्या मुलाखती झाल्या. त्या वेळी खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेले २.७ टक्के आढळले. आयुष्यात केव्हा तरी तो विकार होऊन गेलेले धरले तर प्रमाण सव्वापाच टक्के, म्हणजे विसांत एक. स्त्रियांत प्रमाण अधिक, चाळीस ते एकोणपन्नास या वयोगटात अधिक आणि महानगरांत अधिक. यांपैकी सुमारे पंच्याऐंशी टक्के लोकांपर्यंत कोणताही उपचार पोचला नव्हता.

आपल्या वाचकवर्गाचे वय पाहता दुसरी पाहणी अधिक जवळची आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली व तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. साठीपुढील माणसांत 'तुम्हाला डॉक्टरांनी डिप्रेशन आहे असे कधी सांगितले आहे काय' या प्रश्नाला होय म्हणणारे निघाले ०.८ टक्के. त्याच माणसांना लक्षणे एकेक करून विचारली, तेव्हा ज्यांची अवस्था बहुधा तीव्र खिन्नतेची आहे असे ठरले ते निघाले ८.३ टक्के. एक आणि दहा. या दोन आकड्यांमधील अंतर औषधाच्या तुटवड्याचे असेलही, पण त्याहून अधिक ते न विचारण्याचे आहे. कोणी लक्षणे विचारीपर्यंत ही माणसे आपल्याच घरात, आपल्याच खाटेवर, कोणाच्या खिजगणतीत नसताना खिन्न होती.

येथे एक चोख वाचक विचारील की एका पाहणीत २.७, दुसरीत ८.३, तर खरे किती? आकडे हाताळण्यात वर्षे गेल्यामुळे हा प्रश्न मला रास्त वाटतो. उत्तर असे की, चाळणी जशी तसे धान्य. काही ठिकाणी रीतसर निदानाची मुलाखत घेतात. तिची छिद्रे बारीक, तिच्यातून थोडेच पुढे जातात. काही ठिकाणी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस मन लागले नाही, किती दिवस झोप आली नाही, असे विचारून प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण देतात. सत्तावीसपैकी दहा वा अधिक गुण झाले की पुढे चौकशी करावी असा संकेत आहे. ही चाळणी मोठ्या छिद्रांची. शिवाय वय वेगळे, गाव वेगळे. त्यामुळे एका पाहणीचा आकडा दुसरीच्या शेजारी ठेवून बेरीज-वजाबाकी करण्यात अर्थ नाही. मात्र एकाच चाळणीतून दोन गट गाळून पाहिले आणि एकात दुप्पट खडे निघाले, तर तो फरक चाळणीच्या माथी मारता येत नाही.

चाळणीतून निसटणारेही असतात. स्त्रियांत खिन्नता अधिक आढळते; पण देशात आत्महत्या करणाऱ्यांत पुरुषांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर आहे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या २०२१ च्या अहवालात एकूण १,६४,०३३ आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यांत चौथ्या हिश्श्याहून अधिक रोजंदारीवरचे मजूर आहेत. पुरुषाला विचारले तर तो 'सगळे ठीक आहे' म्हणतो आणि संध्याकाळी गुत्त्यावर जातो; त्याची गणना दारूच्या रकान्यात होते. बायकांचे दुःखही सरळ येत नाही. आपल्याकडची वृद्ध स्त्री 'मन खिन्न आहे' असे डॉक्टरला सांगत नाही. ती म्हणते, पायांची आग होते, डोके जड आहे, अन्न गोड लागत नाही. डॉक्टर बिचारा रांग पाहून ताकदीच्या गोळ्या देतो. दोघेही खोटे बोलत नसतात. तेव्हा जी काही संख्या समोर येते ती कमीच असण्याचा संभव धरावा.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. आपल्या समाजात, विशेषतः जुन्या मध्यमवर्गीय मराठी घरांत, खिन्न माणसाकडे पाहण्याची एक पक्की रीत आहे. तो मनाने कच्चा, असे आपण मानतो. 'मन घट्ट कर', 'जरा बाहेर पड', 'आम्ही काय कमी सोसले?' ही वाक्ये क्रूरपणाने म्हटली जात नाहीत, प्रेमानेच म्हटली जातात. त्यांच्यामागे एक नैतिक सिद्धान्त मात्र दडलेला असतो. तो असा की, दुःख बाहेरून येते, पण खिन्नता ही आतल्या दुबळेपणाची खूण आहे आणि म्हणून ती अंशतः तरी त्या माणसाचा दोष आहे. पानिपतानंतर, शिंद्यांच्या-होळकरांच्या फौजांबरोबर, पेशव्यांच्या कारभाराबरोबर, पुढे रेल्वे व कचेऱ्यांच्या नोकऱ्यांबरोबर येऊन परमुलखात पाय रोवलेल्या घराण्यांना खंबीरपणाचा अभिमान असणे स्वाभाविकच आहे. त्या अभिमानाची ही किंमत आहे.

या सिद्धान्ताला मोजदाद जे उत्तर देते ते मला निर्णायक वाटते. खिन्नता जर केवळ इच्छाशक्तीच्या उणिवेने येत असती, तर ती समाजात विखरून आढळली असती. जसे डावखुरे लोक सर्व गल्ल्यांत, सर्व जातींत थोडे थोडे असतात तशी. पण ती तशी आढळत नाही. एकट्या राहणाऱ्यांत ती अधिक, विधवांत अधिक, दीर्घ आजाऱ्यांत अधिक, ज्यांच्या उद्याच्या मिळकतीचा भरवसा नाही त्यांच्यात अधिक. विक्रम पटेल व आर्थर क्लाइनमन यांनी २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत अनेक गरीब देशांतील पाहण्या एकत्र करून हेच दाखविले आणि त्यात एक सूक्ष्म भेद केला. नुसत्या कमी उत्पन्नापेक्षा असुरक्षितता, वेगाने बदलणारी परिस्थिती, अल्प शिक्षण व पुढचे काही न दिसणे यांचा संबंध अधिक स्पष्ट दिसतो. आपल्या गावातील पावरलूमवर काम करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. सूत महागले की त्याला माग बंद पडण्याचा आवाज आधी ऐकू येतो. आता 'मनाचा कच्चेपणा' मानणाऱ्याने सांगावे की, कच्ची मने नेमकी विधवांच्या आणि रोजंदारांच्या वाट्याला का आली? एक तर हे मान्य करावे लागते की इच्छाशक्तीचे वाटप देवाने उत्पन्नाचा दाखला पाहून केले आहे, नाही तर दोषाची भाषा सोडावी लागते.

यावर समंजस आक्षेप असा येतो की, मग माणूस म्हणजे वाऱ्यावरची काडी ठरतो. सारे घटकच करणार, तर धैर्याला जागा कोठे? हा आक्षेप हलका नाही. त्याचे उत्तर मला लंडनच्या कॅम्बरवेल भागातील एका जुन्या अभ्यासात सापडले. जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनी तेथील स्त्रियांच्या दीर्घ मुलाखती घेऊन १९७८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. मोठी आपत्ती कोसळलेल्या सर्वच स्त्रिया खिन्नतेत गेल्या नव्हत्या. बऱ्याच जणी सावरून उभ्या होत्या. ज्या गेल्या त्यांच्यात चार गोष्टी वारंवार आढळल्या. लहानपणी, अकरा वर्षांची होण्याआधी, आई गमावलेली असणे. घरात चौदा वर्षांखालील तीन वा अधिक मुले असणे. घराबाहेर काही काम नसणे. आणि जिच्याजवळ वा ज्याच्याजवळ मन उघडे करावे असे एकही माणूस नसणे. म्हणजे घटक हा भार आहे, निवाडा नव्हे. भार वाढला की एखादा मोडतो, एखादा मोडत नाही; पण ज्याच्या पाठीवर चार पोती आहेत त्याला एका पोत्यावाल्याने ताठ चालण्याचा उपदेश करू नये. आणि चौथी गोष्ट पुन्हा वाचावी. ती नशिबाची नाही. ती शेजाऱ्यांच्या हातची आहे.

पाहण्यांच्या अहवालांत 'संबंधित घटक' असा एक कोरडा शब्दप्रयोग असतो. वय, लिंग, वैधव्य, एकटेपणा, कर्ज अशी ओळीने यादी येते. वाचताना वाटते की हे पाऊसमानासारखे काही आहे. होते ते होते. वयाच्या बाबतीत ते खरे आहे. पण वैधव्य घ्या. नवरा गेला हा मृत्यूचा भाग, तो कोणाच्या हाती नाही. त्यानंतर त्या बाईला मकरसंक्रांतीच्या हळदीकुंकवाचे बोलावणे येत नाही, चैत्रगौरीची कैरीची डाळ तिला नंतर डब्यातून पोचती होते, भाच्याच्या लग्नात तिने मांडवात कोठे बसावे हे न सांगता ठरलेले असते, हा भाग कोणाचा? चाळीस वर्षे जिने घरोघर वाण लुटले, तिला एका दिवसात त्या साऱ्या घरांतून वजा करण्याचे काम मृत्यूने केलेले नाही. ते आपण करतो, आणि मग कोणी सर्वेक्षक येऊन 'वैधव्याचा खिन्नतेशी संबंध आढळला' असे लिहून नेतो. तो लिहितो ते बरोबरच आहे. त्या रकान्यात वैधव्याच्या जागी 'शेजार' लिहिले तर अधिक नेमके होईल, असे मला वाटते.

धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी पुनर्विवाह केला तो १८९३ साली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो ४ मे २०२२ रोजी, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या आठवड्यात. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे त्या ठरावाने थांबविले आणि पंधरा दिवसांच्या आत महाराष्ट्र शासनाने त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. दोन सालांमधील अंतराची वजाबाकी वाचकांनी करावी. आपण महाराष्ट्राबाहेर राहणारे, म्हणून परिपत्रक आपल्याला लागू नाही. आणि रीतिभाती जपण्यात बाहेरची घरे आतल्यांहून कडक असतात, हे आपल्या मंडळींनाही मान्य होईल.

दुसरा घटक एकटेपणा. तो आपल्या घरांत कसा आला हे सर्वांना माहीत आहे. मुले शिकली, इंदूर-पुण्यास गेली, तेथून पुढे गेली. यात अन्याय कोणी केलेला नाही. त्यांना तसे शिकविले ते आपणच. वाड्याच्या नऊ खोल्यांत दोन माणसे राहिली, मग एक राहिले. रविवारी सकाळी फोन येतो, चौकशी होते, औषधे घेतलीत का विचारले जाते. पण ज्याच्याजवळ मन उघडे करावे तो मुलगा नसतो. त्याला काळजीत घालायचे नाही म्हणून आईबापच 'सगळे ठीक' सांगतात. तो माणूस सहसा शेजारी असतो किंवा नसतो.

परमार्थाने यावर उतारा मिळतो असे मानणारे आपल्यात बरेच आहेत आणि मीही भजनाच्या विरुद्ध नाही. आठवड्यातून एकदा दहा माणसांत बसून टाळ वाजविणे याने काय होते ते मी पाहिले आहे. मात्र गीतेचा दाखला देऊन खिन्न माणसाला गप्प करणाऱ्यांनी गीता पुन्हा उघडावी. तिचा पहिला अध्याय अर्जुनविषादयोग या नावाने ओळखला जातो. अर्जुनाची अवस्था ही डॉक्टरांच्या अर्थाने खिन्नता होती असे माझे म्हणणे नाही. तो एका भीषण प्रसंगात सापडलेला माणूस होता. पण संभाषणाचा क्रम पाहण्याजोगा आहे. अर्जुन बोलू लागतो. गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, धनुष्य हातातून सुटते आहे, असे शरीराचे सांगतो, मग मनातले सांगतो, आणि अध्याय संपेपर्यंत श्रीकृष्ण मध्ये एक शब्द बोलत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी ते दोन श्लोकांत त्याला भित्रेपणाबद्दल फटकारतात. म्हणजे आपले 'मन घट्ट कर'. त्याचा परिणाम काय होतो? अर्जुन आणखी बोलतो आणि मी लढणार नाही असे सांगून स्तब्ध होतो. फटकाऱ्याने काम झालेले नाही. त्यानंतर जे घडते ते दीर्घ संभाषण आहे, अर्जुनाच्या प्रश्नांनी पुढे सरकणारे. ज्याला उपदेशाचा सर्वश्रेष्ठ ग्रंथ म्हणतात, त्यात उपदेशकाला प्रथम ऐकावे लागले आहे.

शासन काय करते हे पाहू. २०१६ साली मध्यप्रदेश शासनाने आनंद विभाग स्थापन केला; असा विभाग काढणारे हे देशातील पहिले राज्य. ज्या वर्षी निम्हान्सच्या मुलाखतींचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले त्याच वर्षी. आनंदासाठी खाते काढण्यावर विनोद करणे सोपे आहे आणि कचेऱ्यांच्या व्हरांड्यांत तो भरपूर झालाही. पण रयतेचा आनंद हा शासनाचा विषय आहे असे कागदावर का होईना मान्य होणे, हे लाहोरीच्या काळापासून बरेच पुढे आलेले पाऊल आहे. माझी अडचण निराळी आहे. गावोगाव आनंदोत्सवात रस्सीखेच होते, तिच्यात जे येत नाहीत त्यांचे काय? खिन्न माणसाचे पहिले लक्षणच हे की तो उत्सवाला येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शासकीय खर्चाने चालणाऱ्या सेवांतून उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे, ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलिमानस' ही निःशुल्क दूरध्वनी सेवा चोवीस तास सुरू आहे. या गोष्टी माहीत असाव्यात, सांगाव्यात. पण फोन उचलण्याचे बळ नसणे हाच आजार असेल, तर दुसऱ्या कोणी तरी नंबर फिरवून द्यावा लागतो.

हे दुसरे कोणी म्हणजे डॉक्टरच असले पाहिजे असे नाही, हे आपल्या आसपासच सिद्ध झाले आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून 'संगथ' संस्थेने साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांकडून तीव्र खिन्नतेच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठकींत बोलणे करविले. त्यात तत्त्वज्ञान नव्हते. सुटलेली छोटी कामे, आवडीच्या गोष्टी एकेक करून पुन्हा हाती घेणे, अडचणीचा एक एक धागा सोडविणे, एवढेच होते. तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ६४ टक्के त्या अवस्थेतून बाहेर आलेले आढळले; नेहमीच्याच देखरेखीत राहिलेल्यांपैकी ३९ टक्के. औषधाची गरज काहींना लागतेच आणि ती लागली तर घ्यावी, रक्तदाबाची गोळी घेतो तशी.

आणखी जवळचे उदाहरण अमरावती जिल्ह्याचे. आपल्या जिल्ह्याची हद्द त्याला लागून आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे ज्या विदर्भाचे नाव देशभर गेले, तेथील तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबविण्यात आला. गावातलीच माणसे शिकवून तयार केली, त्यांनी छोट्या बैठकी घेतल्या, घरोघर जाऊन बोलले, गरज पडेल त्यांना समुपदेशकाकडे वा मनोविकारतज्ज्ञाकडे पोचविले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आरंभी खिन्न असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक कोणाकडे तरी मदतीसाठी गेले होते. नंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७.२ टक्के झाले. वर्षभरात आत्महत्येचा विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. खिन्नतेचे प्रमाण १४.६ वरून ११.३ वर आले. ही आधीची व नंतरची तुलना आहे, शेजारची न शिवलेली गावे समोर ठेवून केलेली नाही. पिकपाणी बरे झाल्याचाही भाग त्यात असू शकेल, म्हणून सारे श्रेय कार्यक्रमाला देणे घाईचे होईल. पण मदतीला जाणाऱ्यांची संख्या सहापट होणे हे पावसाने होत नाही. ते कोणी तरी दारात जाऊन विचारल्याने होते. आणि त्यानंतरही चारांपैकी तिघे कोणाकडे गेलेच नव्हते, हेही त्याच आकड्यात लिहिलेले आहे.

विचारण्याची रीत शिकावी लागते. 'कसे आहात?' या प्रश्नाचे उत्तर 'बरे आहे' हेच असते. ते शिष्टाचाराचे उत्तर आहे. 'रात्री झोप लागते का?' याचे उत्तर बहुधा खरे येते. 'पूर्वी पेटी वाजवीत होतात, हल्ली काढता का?' याचेही खरे येते. 'जगणे नकोसे वाटते का?' हा प्रश्न विचारल्याने तसा विचार मनात भरतो, अशी समजूत आहे. जाणकारांचे मत तसे नाही, उलट विचारल्याने माणसाला हलके वाटते असे ते सांगतात. उत्तर आल्यावर लगेच आपली कहाणी सुरू करू नये, ही आपल्या पिढीला सर्वांत जड जाणारी गोष्ट आहे.

हळदीकुंकवाच्या बाबतीत एक अडचण मला महिला मंडळातील भगिनींनी सांगितली, ती येथे नोंदवितो. बोलावले तरी त्या बाई स्वतःच येत नाहीत. 'माझ्या हातून नको ग, शुभकार्य आहे' म्हणतात आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसण्यात समाधान मानतात. मग त्यांच्या इच्छेचा मान ठेवावा की नाही? माझे उत्तर असे की, नकाराचा मान ठेवावा, पण त्या नकाराला कायमचा मानू नये. पन्नास वर्षे ज्या रीतीत त्या स्वतः वाढल्या, तिचाच तो आवाज असतो. आणि ज्याला 'त्यांची इच्छा' म्हणून आपण मोकळे होतो, ती पुष्कळदा आपल्याच इच्छेची परतफेड असते. येत्या संक्रांतीच्या याद्या डिसेंबरात होतील. जुन्या वहीतून उतरवून घेताना जी नावे गेल्या काही वर्षांत गळली, ती पुन्हा लिहावीत. पहिल्या वर्षी त्या येणार नाहीत. दुसऱ्या वर्षी पुन्हा जावे, आणि चिठ्ठी पाठवू नये, स्वतः जावे.